एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना संस्थांची मदत : काय टिकतं, काय नुसतं दिसतं?

रानजाई

शीर्षकातच प्रश्न आहे, तरी थोडी पार्श्वभूमी देते. माझी मावशी सत्तरीच्या पुढची आहे. काका गेल्यापासून एकटीच राहते. आमच्यापैकी कुणाकडेही कायमचं राहायला ती तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं पटतं. स्वतःच्या घरात तिला अंधारातही दिव्याचं बटण सापडतं, आमच्याकडे ती पाहुणीच होऊन राहते. तब्येत तशी ठीक. गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि बँकेचं सगळं मोबाइलवर गेल्यापासून तिथे अडतं.

ती राहते त्या भागात एक सेवाभावी संस्था एकट्या ज्येष्ठांसाठी काम करते. आठवड्यातून एकदा स्वयंसेवक घरी येतो, मधे फोन असतो, दवाखान्यात सोबत मिळते, घरातल्या किरकोळ दुरुस्त्या करून मिळतात, महिन्याला एखादा कार्यक्रम असतो. कागदावर सगळं छान आहे. मावशीने एका वाक्यात निकाल लावला, "मला कुणाची दया नको, आणि परक्या माणसाने माझ्या घरात येऊन बसायची काही गरज नाही."

तर, अशा मदतीचा खरंच उपयोग होतो का, की आपल्याच मनाची समजूत? संस्था धड आहे की नुसती हौशी, हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि मावशीसारख्या ताठ माणसापुढे हा विषय काढायचा तरी कसा?

'तुमच्याकडे घेऊन या' आणि 'नोकरी सोडून तिच्याजवळ जा' हे दोन्ही सल्ले नातेवाइकांकडून भरपूर मिळालेत. कृपया इथे नकोत. मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

खडूफळा

चांगला धागा. सासूबाईंसाठी हेच शोधत होते. वाचनखूण साठवली.

अनिकेत_ज

उपयोग होतो का, हे एकाकीपणा कसला आहे त्यावर ठरतं. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक म्हणजे अगदी हक्काचं, जवळचं माणूस नसणं. दुसरा म्हणजे गोतावळा नसणं, आपण कुठल्याच घोळक्यातले नाही असं वाटणं. काका गेल्यावर मावशींकडे जी जागा रिकामी झाली ती पहिली. ती कुठलीही संस्था भरू शकत नाही, आणि भरू म्हणत असेल तर तिथून निघा. दुसऱ्या बाबतीत मात्र बरंच काही करता येतं.

पुराव्याचं म्हणाल तर ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांच्या गटाने २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात मिळून तीन लाखांवर माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त निघाली. संस्थांच्या माहितीपत्रकांत हा आकडा हमखास असतो. पण स्वयंसेवक आठवड्यातून तासभर येऊन बसला की आयुष्य वाढतं, असं त्यातून मुळीच निघत नाही.

फोनबद्दल मात्र थेट प्रयोग झालाय. अमेरिकेत टेक्सासमध्ये घरपोच जेवण पुरवणाऱ्या एका संस्थेच्या २४० लाभार्थ्यांवर तो केला. निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे होते. काहींना चार आठवडे फोन गेले, काहींना नाही. फोन करणारी मुलं १७ ते २३ वर्षांची, मानसोपचाराचं शिक्षण नसलेली. त्यांना थोडंसं प्रशिक्षण दिलेलं, मुख्य म्हणजे समोरच्याला ज्या विषयावर बोलायचंय त्यावर बोलू द्या आणि ऐका. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. फोन आलेल्यांमध्ये एकाकीपणा, नैराश्य आणि चिंता तिन्ही कमी झाली. फक्त, ते चारच आठवडे होते. पुढे वर्षभर काय होतं ते त्यातून कळत नाही.

थोडक्यात, फोन स्वस्त आणि सोपा आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

स्पष्टवक्ता

राग येईल पण लिहितोच. आईबाप, मावश्या, काकू यांना संस्थेच्या भरवशावर टाकायचं आणि वर त्याला 'स्वावलंबी जगणं' असं गोंडस नाव द्यायचं. पूर्वी घरात माणसं होती, तेव्हा संस्था लागत नव्हत्या.

रानजाई

स्पष्टवक्ता, ती स्वतःहून एकटी राहतेय. तिला कुणी टाकलेलं नाही. वर लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचा.

जुनाखोड

एरवी मी वाचनमात्र असतो. पण धागा आमच्याबद्दल आणि बोलतायत सगळी तरुण मंडळी, म्हणून लॉगिन केलं. वय ८१. एकटा राहतो. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करतो, चवीबद्दल विचारू नका.

स्पष्टवक्ता, माझा मुलगा रोज फोन करतो. गुणी आहे. पण त्याच्याशी माझं बोलणं गोळ्या घेतल्या का, रक्तदाब किती, दार नीट लावलं का, एवढ्यातच संपतं. तो काळजी करतो, मी त्याची काळजी मिटवतो. त्याला संवाद म्हणत असाल तर म्हणा. पूर्वी घरात माणसं होती हे खरं. माझी आजी त्या भरल्या घरात कोपऱ्यातल्या खाटेवर दिवस दिवस कुणाशी न बोलता पडून असायची, हेही मी पाहिलंय.

आता संस्थांबद्दल. एक संस्था माझ्याकडे आली होती. नाव घेत नाही. पाच-सहा जण, एक फलक, एक छायाचित्रकार. माझ्या शेजारी बसून फोटो काढले. एकीने माझा हात हातात घेतला, तेही फोटोपुरतं. 'आजोबा, काही लागलं तर हक्काने सांगा' म्हणाले. मी खरंच सांगितलं की माडीवरचा दिवा गेलाय. 'हो हो, पाठवतो कुणाला तरी.' त्यानंतर कुणी आलं नाही.

दुसरी संस्था लहान आहे, तिचं नाव कुणाला माहीतही नसेल. त्यांचा एक पोरगा येतो, इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. तो पहिल्यांदा आला तेव्हा 'काय मदत करू' असं त्याने विचारलंच नाही. कपाटावरचा जुना रेडिओ बघून विचारलं, "हा उघडून दाखवाल का?" मी नोकरीभर उपकरणं दुरुस्त केली. डाग लावायला (सोल्डरिंगला) माझा हात आता थरथरतो, म्हणून डाग तो लावतो आणि कुठे लावायचा ते मी सांगतो. दिव्याचंही तसंच. मला दिवा बदलून नको होता, तो मीच बदलणार होतो. स्टूल धरायला माणूस हवा होता.

एवढं ज्या संस्थेला कळतं ती चांगली. बाकी तुमचे अभ्यास चालू द्या.

खडूफळा

जुनाखोड काका, दंडवत. लिहीत राहा हो, वाचनमात्र राहू नका.

मनमोर

+१००

पाऊलवाट

काका, प्रतिसाद आवडला, पण ८१ व्या वर्षी स्टुलावर चढू नका! मी फिजिओथेरपिस्ट आहे, गप्प बसवत नाही. चढायचंच असेल तर दोन्ही बाजूंना कठडा असलेली रुंद पायऱ्यांची घडीची शिडी घ्या, आणि तीही धरायला माणूस असेल तेव्हाच.

गंमत सोडा. रानजाई, तुम्ही 'किरकोळ दुरुस्त्या' असं एका शब्दात उरकलंय. माझ्या मते संस्थेच्या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. एकटं राहणारी माणसं घर सोडतात ती बऱ्याचदा एका पडण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पडल्यामुळे दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल. आणि जे नुसते पडतात, वाचतात, ते घाबरतात. घाबरले की बाहेर जाणं कमी होतं, मग पायांतली ताकद जाते आणि माणसंही तुटतात. एकाकीपणाचा रस्ता न्हाणीघरातून जातो असं मी गमतीने म्हणते, पण ते खरं आहे.

यावरचे उपाय तपासलेले आहेत. तोल आणि ताकदीच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, हे २०१९ मध्ये शंभरावर चाचण्या एकत्र करून निघालेलं उत्तर. घरातले धोके काढले तर साधारण २६ टक्के. आधी पडलेल्यांसारखी जास्त धोक्यातली माणसं असतील तर ३८ टक्क्यांपर्यंत.

बघायच्या गोष्टी अगदी साध्या असतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा. सरकणारी पायपुसणी उचलून टाकणं. संडासाशेजारी भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा. टॉवेलचा दांडा धरून उठणारे खूप जण असतात, आणि तो वजन घेत नाही, उखडून हातात येतो. मागे पट्टा असलेली चप्पल. आणि पडलंच तर जमिनीवरून उठायचं कसं, याचा सराव. हा सराव कुणीच करत नाही.

अजून एक. मावशींच्या डाव्या कानाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. तपासणी झालीय का? फोन नको, कार्यक्रमाला नको, परकं माणूस नको, असं म्हणणारी किती तरी माणसं मुळात नीट ऐकू येत नसल्यामुळे टाळत असतात. चारचौघांत हसू झालं की माणूस पुन्हा जात नाही. डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या) लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ जोखमींमध्ये ऐकू कमी येणं आणि सामाजिक एकटेपणा दोन्ही आहेत. आधी कान, मग फोनसेवा.

रानजाई

पाऊलवाट, कानाचं असं मनातच आलं नव्हतं. मागच्या दोन लग्नांना ती गेली नाही. आम्हाला वाटलं गुडघे.

दीपमाळ

मी अशाच एका संस्थेत समन्वयक आहे. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. आतल्या बाजूने कसं दिसतं ते लिहिते.

पहिली गोष्ट, सगळ्यात मोठं नुकसान वाईट स्वयंसेवकाने होत नाही. ते होतं चांगला स्वयंसेवक अचानक बंद झाल्याने. परीक्षा येते, नोकरी लागते, हौस फिटते. आणि आजी पुढचे कित्येक गुरुवार तयार होऊन बसतात. माणूस येऊन बंद होण्यापेक्षा आला नसता तर बरं, असं मला स्वतःला वाटतं. त्यामुळे कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा, की तुमचा माणूस सोडून गेला तर काय करता? नीट उत्तर असं असतं: निघण्याआधी तो कळवतो, शेवटची भेट ठरवून होते, नवा माणूस जुन्याबरोबर एकदा येतो, आणि मधल्या काळात ऑफिसमधून फोन चालू राहतो. 'आमचे स्वयंसेवक सोडून जातच नाहीत' हे उत्तर आलं तर समजून जा.

दुसरी गोष्ट नियमांची. नियम कडक वाटले तर वाईट वाटून घेऊ नका, ते दोघांच्या भल्यासाठी असतात. आमच्याकडे ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि दोन ओळखीच्यांचे संदर्भ घेतल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नाही. पहिल्या भेटीला मी स्वतः बरोबर असते. स्वयंसेवकाने पैसे हाताळायचे नाहीत, एटीएमचा पिन ऐकायचासुद्धा नाही, उसनं द्यायचं-घ्यायचं नाही, कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, महागडी भेट घ्यायची नाही. मोबाइलवरची बँक शिकवायची असेल तर आजींच्या हातात फोन, शिकवणाऱ्याचे हात मागे. हे अक्षरशः सांगावं लागतं, कारण तरुण मुलं पटकन फोन ओढून 'थांबा, मी करून देतो' म्हणतात. करून दिलं की पुढच्या वेळी पुन्हा अडलंच.

तिसरी, दार उघडलं नाही तर? हेही विचारा. भेटीची वेळ ठरलेली आहे आणि आतून उत्तर नाही, तर आधी फोन, मग शेजारी, मग यादीतला नातेवाईक, तोही नाही लागला तर पोलीस, हा क्रम आणि त्यातली माणसं आधीच लिहून ठेवलेली असतात. काही संस्था 'घरी नव्हत्या' अशी नोंद करून परत येतात.

आता ताठपणाबद्दल. आमच्याकडे एक आजी आहेत. सुरुवातीला त्या दाराची साखळी काढायच्याच नाहीत. फटीतून बोलायच्या. आमची स्वयंसेवक मुलगी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायची. मी तिला सांगून ठेवलं होतं की आत घ्या म्हणून म्हणायचं नाही. एक दिवस आजींनी फटीतून विजेचं बिल बाहेर सरकवलं, आकडा एवढा का आलाय बघ म्हणून. तिने ते वाचलं, मागच्या महिन्याचं मागितलं, तेही फटीतूनच आलं. मीटरचं वाचन चुकलेलं होतं. तक्रारीचा मसुदा आजींनी सांगितला, हिने लिहिला, सही आजींची. त्यानंतर कधीतरी साखळी निघाली. कधी, ते आमच्या मुलीला नेमकं आठवतही नाही.

तुमच्या मावशींना 'सोबत' देऊ करू नका. सोबत म्हटलं की समोरचा बिचारा ठरतो. एखादं काम पुढे करा, ज्यात निर्णय त्यांचा असेल. न्हाणीघरातला दांडा कुठे बसवायचा, हे काम उत्तम. आणि 'नको' म्हणायची मुभा खरी असू दे. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी बंद करा म्हटलं तर बंद, त्यात घरच्यांनी पडायचं नाही.

अनिकेत_ज

दीपमाळ, अप्रतिम. जुनाखोड काका आणि तुम्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवताय, आणि त्यालाही आधार आहे. २०११ मध्ये ख्रिस्तोफर मासी आणि सहकाऱ्यांनी एकाकीपणावरचे उपाय एकत्र करून तपासले. नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा 'मी कुणाला नकोय, लोक टाळतात' असले मनातले ग्रह सैल करणारे उपाय जास्त चालले. माझ्या मते ८१ वर्षांच्या माणसाला कुणी 'रेडिओ उघडून दाखवाल का' विचारलं, की तो ग्रह कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर सैल होतो.

स्पष्टवक्ता

दीपमाळ यांचा प्रतिसाद वाचला. अशा संस्था असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण अशा किती असतात?

दीपमाळ

कमी. म्हणून तर प्रश्न विचारा म्हणतेय.

भटकी_वीणा

काकांचं वाचून ऑस्ट्रेलियातली मेन्स शेड आठवली. १९९० च्या दशकात तिकडे हे सुरू झालं आणि नंतर ब्रिटन, आयर्लंड, बऱ्याच ठिकाणी पोचलं. एक सामायिक कारखानाघर, त्यात सुतारकामाची, दुरुस्तीची हत्यारं, आणि निवृत्त पुरुष. कुणी तुटकी खुर्ची जोडतोय, कुणी खेळणी करतोय. त्यांचा अनुभव असा की पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी उभं राहून काम करताना करतात. शल्यक्रिया, बायकोचं जाणं, झोप न येणं, सगळं करवतीच्या आवाजात बोललं जातं. माझ्या सासऱ्यांना कुणी 'आधार गटात' नेलं असतं तर ते दारातूनच फिरले असते.

बायकांचं वेगळं असतं असं नाही, पण पुरुषांसाठी संस्था फार थोडा विचार करतात. बहुतेक कार्यक्रमांत पुरुष मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेले असतात.

दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज, निवृत्तांचं विद्यापीठ म्हणा. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे विद्यापीठातून सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९८२ ला आलं तेव्हा त्यांनी प्राध्यापकच काढून टाकले. सभासदच एकमेकांना शिकवतात. ज्याला भूगर्भशास्त्र येतं तो ते शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभासदाच्या चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसतो. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत.

बॉस्टनच्या बीकन हिल भागातल्या शेजाऱ्यांचं उदाहरणही आहे. म्हातारपणी घर सोडायचं नाही असं ठरवून त्यांनी स्वतःचीच संस्था काढली, २००२ मध्ये ती सुरू झाली. वर्गणी भरायची, आणि गाडी, दुरुस्ती, दवाखाना, कार्यक्रम अशा सगळ्यासाठी एकच फोन करायचा. यात लाभार्थी असा कुणी नाहीच, सभासद आहेत. वर्गणी परवडणाऱ्यांचंच काम आहे म्हणून त्यावर टीकाही होते, आणि ती बरोबर आहे.

जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये ओसाकात श्रमाची बँक काढली. आज मी तुझ्यासाठी तासभर काम केलं, तो तास माझ्या खात्यात, पुढे मला लागेल तेव्हा काढेन. मला यातलं हिशेबाचं अंग आधी कोरडं वाटायचं. आता वाटतं, मावशींसारख्यांना तेच सोयीचं. उपकार नाही, देणंघेणं आहे.

स्पष्टवक्ता

ही कल्पना पटली बुवा.

जुनाखोड

वीणाताई, करवतीच्या आवाजात हे अगदी बरोबर. आमचा तो पोरगा डाग लावताना त्याच्या वडिलांबद्दल बोलतो. चहूकडे शांतता असती तर बोलला नसता.

पाऊलवाट, शिडी बघतो.

ऊनसावली

मी दुसऱ्या बाजूची. वय २२, एका संस्थेसाठी ज्येष्ठांना फोन करते. दोन वर्षं होत आली.

सुरुवातीला मी यादी करून बसायचे, जेवलात का, झोप कशी आहे, आज काय केलं. उत्तरं यायची 'हो', 'बरी', 'काही नाही'. आमच्या ताईंनी यादी फाडली. म्हणाल्या, आधी तू काहीतरी सांग. मग मी माझं सांगू लागले. खोलीतली मैत्रीण बोलत नाही, मुलाखतीत नापास झाले, असलं. ज्या आजींना मी फोन करते त्यांना इतकी सल्ले द्यायची हौस! मुलाखतीला काय बोलायचं याची तालीम त्यांनी माझ्याकडून फोनवर करून घेतली. आता फोनला दोन मिनिटं उशीर झाला की त्याच करतात आणि रागावतात.

अजून एक सांगते. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला, त्यात जगात दर सहा माणसांत एक एकाकी आहे असं म्हटलंय, आणि सगळ्यात जास्त प्रमाण किशोर आणि तरुणांमध्ये. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मी मदत करायला म्हणून नाव नोंदवलं होतं. नव्या शहरात आल्यावर आठवडाभरात माझ्याशी नीट बोलणाऱ्या त्या एकट्याच असायच्या.

मनमोर

ऊनसावली, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम.

भटकी_वीणा

यावरून झिम्बाब्वेचं फ्रेंडशिप बेंच. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हरारेमध्ये आज्यांनाच प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि मन थकलेला माणूस. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली, आणि नैराश्याच्या लक्षणांवर खरोखर परिणाम दिसला. त्यात आजी मदत घेणारी नाही, देणारी आहे. वयस्क माणसांसाठीची योजना आखताना त्यांना देणाऱ्याच्या बाजूला बसवायचं असतं, हे आपल्याकडच्या संस्थांना कधी सुचणार कोण जाणे.

निरभ्र

मानसशास्त्राची विद्यार्थिनी. एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक गप्प बसणं एकाकीपणाचं नसतं. भूक मेली, झोप उडाली, आवडत्या गोष्टींतला रस गेला, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होतंय, 'आता कशाला जगायचं' असं वारंवार येतंय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर स्वयंसेवक हे उत्तर नाही. डॉक्टरकडे न्या. वयामुळे असं होतंच, हा गैरसमज आहे. नैराश्यावर म्हातारपणीही उपचार होतात. नावं, तारखा, पैशांचे हिशेब विसरणं वाढलं असेल तरी आधी डॉक्टर.

खडूफळा

आणि फसवणुकीचं लिहा कुणीतरी. सासूबाईंना 'ज्येष्ठांसाठी मोफत मदत केंद्रातून बोलतोय' असा फोन आला होता. ओटीपी मागत होते.

दीपमाळ

खडूफळा, चांगली आठवण. खरी संस्था फोनवर ओटीपी, पिन, आधार क्रमांक मागत नाही आणि घाई करत नाही. एकटी माणसं यात अडकतात याचं कारण नुसता भोळेपणा नाही. दिवसभरात कुणी तरी आदराने, सावकाश बोललेलं असतं. आम्ही सगळ्यांना एक सांगून ठेवतो, कुणाचाही फोन असो, 'मी ठेवतो आणि तुमच्या ऑफिसच्या नंबरवर उलट करतो' म्हणायचं. नंबर आपल्याकडे लिहून ठेवलेला, समोरच्याने दिलेला नव्हे. आमच्या नावाने फोन आला तरी हेच.

रानजाई

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मावशीशी बोलले. संस्थेचं नाव काढलं नाही. आधी कान. ती म्हणाली, "ऐकू येतं मला, तुम्हीच पुटपुटता." पण तपासणीला यायला तयार झाली. न्हाणीघरातल्या दांड्याला लगेच हो. कुठल्या उंचीवर बसवायचा यावर तिने माझ्याशी फोनवर एवढा वाद घातला की दीपमाळ यांची आठवण झाली. संस्थेचा माणूस तो दांडा बसवायला येणार आहे. त्यापलीकडे आत्ता काही नाही. भेटीगाठींचं तिने पुन्हा उडवून लावलं, मीही ताणलं नाही.

एक विचारायचं राहिलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढेमागे होणार. तेव्हा तरी मी काही दिवस जाईन, पण परत आल्यावर काय? संस्था त्या काळात कामाला येतात का?

पाऊलवाट

शस्त्रक्रिया ठरली की आधीच व्यायाम सुरू करा, नंतर जड जात नाही. आणि दांड्याचा खरा उपयोग तेव्हाच कळेल.

दीपमाळ

येतात, आणि खरं तर तेव्हाच यायला हव्यात. दवाखान्यातून घरी आल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. औषधं बदललेली असतात, कागद तीन-चार, आधीच्या गोळ्या डब्यात तशाच. नातेवाईक पहिले दोन दिवस असतात, मग जातात. बऱ्याच संस्था मात्र 'दाखल आहेत' म्हणून भेटी थांबवतात आणि पुन्हा सुरू करायला कुणी तरी सांगावं लागतं. म्हणून तारीख ठरली की संस्थेला लेखी कळवा आणि तीन गोष्टी मागा. घरी येण्याच्या दिवशी घर उघडून, दिवे-पाणी बघून ठेवायला माणूस. पहिल्या आठवड्यात रोज ठरलेल्या वेळी एक फोन. आणि जुन्या-नव्या औषधांची यादी डॉक्टर किंवा औषध दुकानदाराकडून ताडून घेताना मावशींच्या बरोबर कुणी तरी. यादी त्यांच्याच हातात राहू दे. यातलं काय देऊ शकतो आणि काय नाही, हे संस्थेने आधीच स्पष्ट सांगायला हवं. 'बघू, करू काहीतरी' म्हणाले तर तेवढ्या दिवसांसाठी दुसरी व्यवस्था लावा.